सत्तावीस तारखेचा मेपल

देवळाचं काम मिळालं तर आपल्या पदरात काय काय पडेल, याचा आढावा कोगुरेने गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून घेतला.

पहिलं म्हणजे, कोउनजी देवळाचा जुना माळी शिडीवरून पडून कमरेतून गेला होता. म्हणजे जागा रिकामी, आणि कुणाच्या तोंडचा घास काढल्याचं पाप नाही. दुसरं, नव्या वर्षाच्या पहिल्या तीन दिवसांत हिनोसावातला झाडून सगळा गाव त्या आवारातून जातो आणि घंटेच्या रांगेत उभं राहून करायला काही नसल्यामुळे झाडं बघतो. तिसरं, माळ्यांच्या संघाचं जानेवारीत जेवण असतं, त्यात देवळाचा माळी वरच्या अंगाला बसतो. कोगुरे बावन्न वर्षांचा होईस्तोवर दाराजवळ बसत आला होता, जिथे प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर आकागी डोंगरावरचा वारा आत येतो आणि सूप आधी तिथेच गार होतं. चौथा फायदा त्याने पाण्यातसुद्धा उघड मोजला नाही. त्याचा मेलेला उस्ताद त्याला चारचौघांत 'कुंपणांचा न्हावी' म्हणायचा.

"शिजलात का आत?" बाहेरून त्याच्या बायकोचा, मिनेकोचा आवाज आला. "भाताचा दगड झाला."

"देवळातून निरोप आलाय. सत्तावीस आणि अठ्ठावीस, दोन दिवस मागतायत."

बाहेर भांड्यांचा आवाज थांबला. "सत्तावीस बाईंची आहे."

"माहीत आहे."

"माहीत आहे तर मग पाण्यात बसून काय शोधताय?"

हिनोसावात डिसेंबरचे दिवस माळ्याचे नसतात, गिऱ्हाइकांचे असतात. नवं वर्ष उजाडायच्या आत प्रत्येक अंगण स्वच्छ छाटलेलं हवं, आणि वर्षअखेरीच्या जितकं जवळचं तितकं मानाचं. कारण छाटणी ताजी दिसते. कोणत्या घराची कोणती तारीख हे एकदा ठरलं की बाप जातो, मुलगा येतो, तारीख हलत नाही. कोगुरेकडे पंचवीस-सव्वीस साकेच्या भट्टीवाल्याची होती. तीस डॉक्टरांची. एकोणतीस अशुभ म्हणून कोणी घेत नाही. अठ्ठावीस त्याने पावसासाठी राखून ठेवलेली असे. उरली सत्तावीस.

भट्टीवाल्याला हलवलं असतं तर त्याने दुसरा माळी बघितला असता. डॉक्टरांना हलवलं असतं तर कोगुरेचं रक्तदाब तपासायला जाणं अवघड झालं असतं. माणूस हलवायचा तर जो हलेल तोच हलवतात. होशिनोबाई हलल्या असत्या.

होशिनो तोमी ही विधवा बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. गावातल्या निम्म्या बायकांना किमोनो शिवायला तिने शिकवलं होतं, त्यात मिनेकोही आली. शिवणीत एक टाका तिरका गेला तर बाई काही बोलत नसत, फक्त कात्री पुढे करत. पोरगी सगळं उसवून पुन्हा घाली. एकोणीस वर्षांपूर्वी कोगुरे उस्तादाला सोडून स्वतंत्र झाला तेव्हा सगळ्यांनी 'बघू, बघू' केलं होतं. पहिलं काम होशिनोबाईंनी दिलं.

"मला हिवाळ्यात उपयोगी पडेल असं झाड हवंय," त्या म्हणाल्या होत्या. "उन्हाळ्यात काय, सगळीच झाडं झाडं असतात."

कोगुरेने आंग्योच्या रोपवाटिकेतून पोवळा मेपल आणला. त्याची पानं शरदात इतर मेपलांसारखीच पिवळी होऊन गळतात, त्यात काही विशेष नाही. पण पानं गेली की नव्या डहाळ्या पोवळ्यासारख्या लाल होतात, आणि थंडी जितकी वाढेल तितक्या अधिक. होशिनोबाईंच्या घरामागे कोठाराची पांढरी भिंत होती, तिच्यासमोर त्याने तो लावला. जानेवारीच्या निळ्या आभाळाखाली, पांढऱ्या भिंतीवर लाल दोऱ्याने कुणी भरतकाम घातल्यासारखा तो दिसे.

हा रंग फक्त नव्या लाकडाला असतो. दोन-तीन वर्षांची फांदी तांबूस-तपकिरी, निबर होते. म्हणून दरवर्षी जुनं काढून झाडाला नवं फुटायला लावायचं. आणि ते पानं गळल्यावर, वर्ष संपायच्या आत. नव्या वर्षात वर बर्फ असलं तरी जमिनीखाली मेपल जागा झालेला असतो. मग कापलं की त्याचं पाणी वाहतं आणि थांबत नाही. हिनोसावातला कुठलाही माळी हे झोपेतही सांगेल.

वीस डिसेंबरला कोगुरे होशिनोबाईंच्या ओटीवर जाऊन बसला. चहा आला, बरोबर मुरवलेल्या पाल्याची बशी. दहाच्या आणि तीनच्या चहावरून माळी लोक घरांची किंमत करतात. डॉक्टरीणबाई परदेशी बिस्किटं देत, पण माणशी दोन, मोजून. होशिनोबाईंची बशी रिकामी झाली की आपोआप भरलेली दिसे.

"यंदा मेपल जरा उशिरा कापू म्हणतोय," कोगुरे बशीकडे बघत म्हणाला. "नव्या वर्षात. पंधरा-सोळा तारखेच्या पुढे."

"अस्सं?"

"थंडी मुरू दिली की रंग जास्त धरतो. आणि तुकड्यातुकड्यात कशाला, सगळं अंगणच तेव्हा करू."

होशिनोबाईंनी मान किंचित वळवली. समोरच्याकडे बघायचं तर त्यांना तसं कडेनेच बघावं लागे. दोन वर्षांपासून त्यांच्या नजरेच्या मधोमध धुकं बसलं होतं. सुई सुटली होती, वर्तमानपत्र सुटलं होतं, माणसं आवाजावरून ओळखत होत्या.

"एकोणीस वर्षं तुम्ही उलटं सांगत होतात, कोगुरे-सान."

"झाड काय, दरवर्षी वेगळं असतं."

"असेल बुवा. झाडातलं तुम्हाला कळतं." त्यांनी चहा ओतला, कपाच्या काठाला बोट लावून अंदाज घेत. "माझं एवढंच, की तो दिसला पाहिजे. बाकी सगळं विरघळत चाललंय. पण भिंतीवरचा तो लाल मला अजून दिसतो हं. सकाळी उठते, सरकतं दार उघडते, तो दिसला की म्हणते, चला, आजचा दिवस आहे."

कोगुरेने उरलेला पाला एका घासात संपवला. बशी पुन्हा भरली गेली.

घरी आल्यावर मिनेकोने विचारलं, "काय सांगितलंत बाईंना?"

"उशिरा कापला की चांगला, म्हणून सांगितलं."

"म्हणजे खोटं सांगितलंत."

"मग काय सांगू? देवळासाठी तुम्हाला मागे ढकलतोय म्हणून?"

"हो," मिनेको म्हणाली. "नेमकं तेच."

तिने आणखी एक गोष्ट सुचवली. मेपलचं काम दोन तासांचं. सत्तावीसला देवळाची कामं आठला सुरू होतात. सहाला उठून आधी मेपल उरकावा, बाकी अंगण गेलं जानेवारीत. सूचना बिनतोड होती, म्हणूनच कोगुरेला ती आवडली नाही. नुसता मेपल कापायला गेलो तर बाई विचारणार, अहो, उशिरा चांगला म्हणत होतात ना? एक खोटं उभं राहावं म्हणून त्याला दोन तासांचं काम टाळावं लागलं. आणि खरं सांगायचं तर सत्तावीसच्या पहाटे सहाला तो जागा होता. पांघरुणात पडून देवळातल्या तीनशे वर्षांच्या पाइनला कुठून हात घालावा याचा विचार करत होता.

देवळाचं काम झकास झालं. पहिल्या तारखेला घंटेच्या रांगेत लोकांनी माना वर करून पाइन पाहिला. कोगुरे मुद्दाम तिसऱ्यांदा रांगेत उभा राहिला तेव्हा मिनेकोने त्याची बाही ओढली.

"चला आता. देवालाही कंटाळा येत असेल."

सतरा जानेवारीला दोघं होशिनोबाईंकडे गेले. कोगुरे कापणार, मिनेको पाचोळा गोळा करणार, ही त्यांची नेहमीची वाटणी. मिनेको सकाळपासून त्याच्याशी बोलत नव्हती.

मेपलसमोर उभं राहिल्यावर कोगुरेला ओशाळल्यासारखं झालं, आणि ओशाळलेला माणूस करतो ते त्याने केलं: जरुरीपेक्षा जास्त काम केलं. पुढच्या हिवाळ्यात रंग असा आणू की बाईंना धुक्यातूनही ढळढळीत दिसेल, या हिशेबाने त्याने डहाळ्यांवर न थांबता अंगठ्यापेक्षा जाड फांद्यांना करवत लावली. पहिल्याच कापावर पाणी आलं. स्वच्छ, डोळ्यांतल्यासारखं. थेंब जमला, लोंबला, पडला, आणि त्यामागे दुसरा जमला. त्याने कापांवर मलम थापलं. मलम तरंगून बाजूला झालं.

मिनेको खाली खराट्यावर हनुवटी टेकून बघत होती.

"झाकून काय करताय," ती हळूच म्हणाली. त्या दिवसातलं तिचं पहिलं वाक्य.

चार दिवसांनी होशिनोबाईंचा फोन आला. आवाज आनंदाचा होता.

"अहो, काय युक्ती केलीत! मेपलवर बुलबुल येतायत. सकाळी तर किती कलकलाट. मला दिसत नाहीत, पण ऐकू येतात. शेजारची पोर सांगत होती, फांद्यांच्या टोकांना काचेचे लोलक लागलेत आणि पाखरं ते चाटतायत."

"गोड असतं ते पाणी," कोगुरे म्हणाला.

"म्हणूनच उशिरा कापलात होय! मला एकटीला सोबत म्हणून. आणि मी वेडी तुम्हाला टोकत बसले होते."

त्या दुपारी मोठं पार्सल आलं, वाळवलेल्या गोड पर्सिमॉन फळांचं. बाईंनी आभार म्हणून पाठवलं होतं. मिनेकोने ते फडताळात ठेवलं आणि एकही चाखलं नाही. कोगुरेने दोन खाल्ली. घशाखाली गेली, एवढंच त्यांच्याबद्दल सांगता येईल.

मे महिन्यात मेपलला पानं आली, पण थोडी, आणि बशीएवढ्या जागेत दाटीने. पावसाळ्यात कापांच्या टोकाकडून काळेपणा खाली उतरू लागला. कोगुरे दर आठवड्याला काहीतरी निमित्त काढून जाई, काळं जिथे संपतं तिथून खाली कापे, आणि पुढच्या आठवड्याला काळं त्याच्याही खाली आलेलं असे. ऑगस्टात सालीला हात लावला तर ती ओल्या कागदासारखी सुटली.

डिसेंबर आला. पानं गळण्याचा प्रश्न नव्हता. पांढऱ्या भिंतीसमोर एक काळी काठी आणि तिला तीन काळ्या काठ्या, एवढं उरलं होतं.

देवळाने पुन्हा सत्तावीस-अठ्ठावीस घेतली होती. कोगुरेने होशिनोबाईंना चोवीस दिली. पंधरा घरांना इकडेतिकडे ढकलून, शिव्या खाऊन. वर्षभरापूर्वी हे करता आलं असतं का, हे स्वतःला विचारायचं त्याने टाळलं.

त्या दिवशी तीनच्या चहाला ओगिहारा आला. ओगिहाराचं मिसोचं, म्हणजे सोयाबीनच्या खारट लगद्याचं, दुकान होतं, आणि तो देवळाच्या भक्तमंडळींचा मुख्य. वर्षअखेरची भेट म्हणून मिसोचा छोटा डबा घेऊन तो म्हाताऱ्यांच्या घरी फिरे. बोलायला तोंडाळ, पण गाव त्याच्या शब्दावर चाले. ओटीवर बसून त्याने बूट झटकले आणि भिंतीकडे बघितलं.

"अरेच्चा! मेपल कुठे गेला?"

मिनेको पाचोळ्याची गोणी बांधत होती, तिचे हात थांबले.

ओगिहारा उठून झाडाजवळ गेला. मिसोवाला असला तरी त्याच्या बापाने आयुष्यभर बोन्साय केले होते. त्याला बघायचं कुठे ते कळत होतं. जाड कापांवरून त्याने बोट फिरवलं.

"हे वर्षाआधीचं कापणं नव्हे. हा नव्या वर्षात कापलाय, तोही खाटकासारखा." तो वळला. "कोगुरे-सान, काय हे? तीन दिवसांनी आमच्या पाइनवर चढणार ना तुम्ही? तीनशे वर्षांचं झाड आहे ते. एवढंही कळत नसेल तर मला आत्ताच दुसरा माणूस बघावा लागेल."

कोगुरेच्या हातात चहाचा कप होता. त्याने तोंड उघडलं. काय बोलणार होता, हे त्याने पुढे कितीतरी वेळा स्वतःला विचारलं. कधी वाटे खरंच सांगणार होतो, कधी वाटे आणखी एक खोटं तयार होतं.

"त्यांना का बोलता?" होशिनोबाई म्हणाल्या.

त्या दाराच्या चौकटीत गुडघ्यांवर बसल्या होत्या, पाठ ताठ, शिवणवर्गात बसत तशाच.

"मी कापायला लावला. ते नको नको म्हणत होते. नव्या वर्षात मेपल कापत नसतात, होशिनो-सान, झाड मरेल, असं दहादा सांगितलं बिचाऱ्यांनी. पण मला पाखरं हवी होती, पाणी प्यायला येतात ती. म्हातारीचा हट्ट. मी म्हटलं, झाड माझं आहे, कापा."

"तुम्ही?" ओगिहारा म्हणाला. "तुम्ही तर सगळ्या गावाला नीट करायच्या."

"म्हातारपणी सगळं उसवतं, ओगिहारा-सान. पाला घ्या."

ओगिहाराने पाला घेतला. मग कोगुरेच्या पाठीवर थाप मारली. "माफ करा हं. गिऱ्हाइकापुढे कुणाचं काय चालतंय! आमच्या दुकानातही तेच, मीठ कमी करा म्हणतात आणि मग आंबलं म्हणून ओरडतात." तो मोकळेपणाने हसला आणि पुढच्या घरी गेला.

कोगुरे तसाच बसून होता. कपातला चहा त्याने अजून प्यायला नव्हता. मिनेको गोणी खांद्यावर टाकून फाटकाबाहेर गेली. ती एवढ्या घाईने गेली की खराटा विसरला.

"होशिनो-सान," तो अखेर म्हणाला, "तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"गेल्या वर्षीच्या वीस तारखेपासून. तुम्ही पाला न चावता गिळलात." त्यांनी बशी जवळ ओढली. "देऊळ हवं होतं ना? मग तसं म्हणायचं. मी सत्तावीस देऊन टाकली असती. सकाळी सहाला येऊन तेवढा मेपल करून जा म्हटलं असतं. चहा लवकर ठेवला असता, एवढंच."

"तर मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही आपणहून बोलाल म्हणून थांबले, पाखरांचा फोन केला तेव्हाही. मला वाटलं, झाडाला तुम्ही काही होऊ देणार नाही. माझ्याशी खोटं बोलाल, झाडाशी नाही." त्यांनी मान कडेला वळवून भिंतीकडे बघितलं, आणि लगेच परत फिरवली. "ते माझं चुकलं."

कोगुरेने नवं झाड आणतो म्हटलं. रोपवाटिकेत पाच वर्षांची कलमं मिळतात, पुढच्या हिवाळ्यात रंग येईल. होशिनोबाईंनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, नको, मार्चमध्ये भाचीकडे निईगाताला राहायला जातेय. इथे आता सकाळी दार उघडून बघण्यासारखं काही नाही, आणि तिकडे निदान कुणीतरी भात वाढेल.

त्या गेल्या. तिसऱ्या हिवाळ्यात तिकडेच वारल्या. घर पाडलं, पांढरी भिंतही, आणि तिथे सात गाड्यांची जागा आखली.

देवळाचं काम कोगुरेकडे राहिलं. पाइन चांगला आहे. संघाच्या जेवणात तो वरच्या अंगाला बसतो, त्याचं सूप गरम असतं. मिनेको त्याच्याबरोबर कामावर जाते, पाचोळा गोळा करते, देवळाच्या आवारात मात्र पाऊल टाकत नाही. विचारलं तर म्हणते, "गुडघे दुखतात." पायऱ्या चारच आहेत.

ओगिहारा बोलका, त्यामुळे ती गोष्ट गावभर झाली आणि गावातून माळ्यांच्या संघात गेली. तिथे तिचा धडा झाला. कुणी गिऱ्हाईक भलत्या वेळी छाटणी मागू लागलं की म्हणतात, 'आली होशिनोबाई.' तिरका टाका न खपवणाऱ्या त्या बाईचं नाव आता न ऐकणाऱ्या, अर्धवट, हेकट म्हाताऱ्यांसाठी वापरतात. नव्या पोरांनी तिला पाहिलेलंही नाही.

यंदाच्या जेवणात एका तरुण माळ्याने पुन्हा ती गोष्ट काढली. चांगली रंगवून सांगितली. म्हातारी काठी आपटून 'काप म्हणते ना!' असं ओरडते, अशी भरही घातली. सगळे हसले. कोगुरे उभा राहिला.

"तसं नव्हतं ते," तो म्हणाला. "बाईंनी काही सांगितलं नव्हतं. मला देवळाचं काम हवं होतं, म्हणून मी त्यांची तारीख काढून घेतली. उशिरा कापला की रंग चांगला येतो, असं खोटं सांगितलं. झाड मी मारलं. आणि त्यांनी माझ्यासाठी दोष अंगावर घेतला तेव्हा मी गप्प बसलो."

कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या माळ्याने टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच.

"ऐकलंत?" अध्यक्ष पोरांना म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखर ओले झाले होते. "याला म्हणतात माळी. गिऱ्हाईक मेलं तरी त्याची चूक आपल्या अंगावर घेतोय."

"नाही हो, खरंच—"

"बसा, कोगुरे-सान, बसा. आम्हाला कळतं." कुणीतरी त्याला खांदा धरून खाली बसवलं. शेजारच्याने साके ओतली, वाटी काठोकाठ. पलीकडचा तरुण माळी आपल्या जोडीदाराला कुजबुजत सांगत होता, की अशा सज्जन माणसाला त्या बाईने किती छळलं असेल बघ.

म्हणजे झाड गेलं ते होशिनोबाईंचं. सकाळी दार उघडून बघायचा लाल गेला तो त्यांचाच, मग घर, मग नाव. आणि आज कोगुरे खरं बोलला, त्याचीही भर त्यांच्याच खात्यावर पडली. वाटी काठोकाठ भरलेली असल्यामुळे ती खाली ठेवता येत नव्हती. सगळे थांबले होते. त्याने ती दोन्ही हातांनी उचलली आणि तो प्यायला.